मंद आचेवरचा माणूस

पन्नाशी उलटली, लेक परदेशी गेली, गुडघे कुरकुरायला लागले की मराठी मध्यमवर्गातला पुरुष काहीतरी धरतो. कोणी नर्मदा परिक्रमेला निघतो, कोणी सुगम संगीताचा क्लास लावतो, ज्याला काहीच जमत नाही तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हल्ली ह्यांत एका नव्या जमातीची भर पडली आहे. हे लोक बिडाची भांडी घेतात.

साधी बिडाची नव्हेत. साधा बिडाचा तवा तुळशीबागेत मिळतो आणि घरी आणल्यावर त्याविषयी बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही. ह्या गृहस्थाला हवा असतो आतून-बाहेरून इनॅमलचा मुलामा दिलेला, नारिंगी नाहीतर गडद निळ्या रंगाचा, तीनेक किलोंचा पसरट पॅन. लेक अमेरिकेहून येताना घेऊन येते. तिच्या बॅगेतले तीन किलो पॅननं खाल्लेले असतात, त्यामुळे आजीचे बदाम कमी येतात. ही गोष्ट आजी विसरत नाही.

पहिल्या सकाळी तो त्यात ऑम्लेट टाकतो. ते इतकं घट्ट बसतं की बायको शांतपणे विचारते, ‘‘अहो, वाढू की खरवडू?’’

दुसरा कोणी असता तर पॅन माळ्यावर गेला असता. हा माणूस अभ्यासाला बसतो, आणि आठवड्याभरात घरातल्या कोणालाही चहा ठेवायला गॅसजवळ जायचं तर त्याचं निदान एक व्याख्यान ऐकावं लागतं. नारिंगी रंगाची परंपरा १९२५ सालची, उत्तर फ्रान्समधली. दोन बेल्जियन उद्योजक एकत्र आले, एक ओतकामातला, दुसरा मुलाम्यातला, आणि ‘ल क्रुझे’ उभी राहिली. इनॅमल म्हणजे काच. काचेची पूड सुमारे ८०० अंशांवर बिडावर वितळवून बसवतात. म्हणजे, तो बोट वर करून सांगतो, हा नॉनस्टिक नव्हे! नॉनस्टिकमधलं टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत अपघातानं सापडलं. त्याच्या सुरात असं काही असतं, की अपघातानं सापडलेल्या गोष्टीवर घावन घालणं बरं नव्हे.

त्याच्या ज्ञानात खोट काढता येत नाही, ही खरी अडचण आहे. अॅल्युमिनियमच्या मानानं बिडातून उष्णता फार सावकाश पसरते. मोठ्या आचेवर पॅन ठेवला की मधोमध भट्टी आणि काठाला हिवाळा. मधलं करपतं, कडेचं कच्चं राहतं, दोन्ही चिकटतं. त्यात रिकामा पॅन भसाभस तापवला तर मुलाम्याला तडे जायची भीती. म्हणून आच मंद ते मध्यम, आणि पॅनला पाच-सात मिनिटं निवांत द्यायची. मग तेल. तेल सगळीकडे पसरलं की अंडं, तेही फ्रीजमधून थेट नव्हे, आधी बाहेर काढून ठेवलेलं. थंड अंडं पडलं की पॅनचा पृष्ठभाग निवतो, आणि कोमट पृष्ठभागावर अंड्यातली प्रथिनं आळण्याआधीच त्याला धरून बसतात. पनीर, बटाटे, मासे काहीही असो, आधी कोरडं पुसायचं. हे सगळं खरं आहे. वेळ सकाळी पावणेनऊची आहे आणि बायकोला नऊ-दहाची लोकल आहे, हेही खरं आहे.

मग येते पाण्याच्या थेंबाची परीक्षा. बोटं ओली करून तो पॅनवर तीर्थ शिंपडावं तसे थेंब टाकतो आणि वाकून बघतो. थेंब नुसता बसून राहिला तर पॅन थंड. चरचरून आटला तर योग्य. मोत्यासारखा घरंगळत नाचायला लागला तर प्रकरण हाताबाहेर गेलं, गॅस बारीक करा. थेंब का नाचतो ह्यावर लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं १७५६ साली लिहून ठेवलंय. हे त्यानं मला सांगितलं, बायकोला सांगितलं, आणि गॅसची गळती बघायला आलेल्या मुलालाही सांगितलं.

अंडं पडलं की पुढचा नियम सर्वांत कडक: हात लावायचा नाही. खालून खरपूस झालं की ते आपण होऊन सुटतं. ‘‘ओढू नका, त्याला वेळ द्या,’’ असं तो इतक्या मायेनं म्हणतो, की हाच माणूस सिग्नल हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजवतो ह्यावर विश्वास बसू नये.

स्टीलचं उलथणं त्यानं खालच्या कप्प्यात हद्दपार केलं आहे. तारेची घासणी दिसली तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. गरम पॅन नळाखाली धरायचा नाही, काच तडकते.

त्याला हरवू शकते ती एकटी आई. तो घावन घालायला पॅन तापवतो तेव्हा ती दारात उभी राहून म्हणते, ‘‘अरे, ह्याला तेल पिता येत नाही. घावनाला आपला काळा तवाच हवा. ह्यात तू आमसुलाची आमटी कर, ती छान होईल.’’ म्हातारीनं तीन वाक्यांत विषय संपवला. उघड्या बिडावर तेल तापून तापून त्याचा थर बसतो आणि घावन त्या थरावरून सुटतो. काचेवर तसा थर सहसा धरत नाही. उलट आमसूल, चिंच, टोमॅटो ह्यांचं आंबट उघड्या लोखंडाला चालत नाही, काचेला चालतं. तो ‘‘हो, तेच म्हणत होतो,’’ म्हणतो आणि तरीही घावन ह्यातच घालतो. पहिला चिकटतो, दुसरा फाटतो, तिसरा निघतो. तिसऱ्याचा फोटो लेकीला जातो.

ह्या सगळ्यात सुखी कोणी असेल तर भांडीवाल्या मावशी. पॅनला त्यांनी हात लावायचा नाही असा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी तो नीट ऐकून घेतला. लागलेलं कसं काढायचं ह्याचं प्रात्यक्षिकही पाहिलं: पॅन निवू द्यायचा, पाणी आणि खायचा सोडा घालून मंद उकळायचं, लाकडी चमच्यानं हलकेच सोडवायचं, घासायचं म्हणून नाही. ‘‘साहेबांना चांगलं जमतं,’’ मावशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लागलेलं दुधाचं पातेलं पॅनच्या शेजारी ठेवलेलं होतं. मग करपलेल्या भाजीची कढई. मावशी त्याच मजल्यावर आणखी दोन घरी काम करतात, आणि शब्दाला पक्क्या आहेत.

परवा सकाळी बेल वाजली. समोरच्या वहिनी खिचडी लागलेला कुकर घेऊन उभ्या होत्या. आमच्या गृहस्थानं तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडात तिरका धरून आत बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘‘आच किती होती?’’