पोर्टिंगभाऊ

पोर्टिंगभाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. झरीत ते कोणाला लागत नाही. "भाऊ गॅरेजात हायत का?" एवढंही विचारावं लागत नाही, कारण भाऊ गॅरेजात असतातच. गॅरेज त्यांचं नव्हे. हत्यारं मिस्त्रीची, शेड मिस्त्रीच्या सासऱ्याची. भाऊंच्या मालकीचा तिथे एक टायर आहे, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, बसायला.

वय पन्नाशीकडे झुकलेलं, वावर कापूस-तुरीचं, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी फीलर गेज. गाडी पंक्चर असो की चेन उतरलेली, भाऊ आधी इंजिनाकडे बघतात, मग मालकाकडे, आणि हळहळून विचारतात, "हेडचं पोर्टिंग केलं नाई न अजून?" स्प्लेंडरवरून शाळेत जाणाऱ्या मास्तरांना त्यांनी हे विचारलं आहे. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्याकडे निघालेल्या ट्रक ड्रायव्हरलाही विचारलं आहे. मास्तरांनी तर घाबरून गाडी विकायला काढली होती. त्यांना वाटलं, हा काहीतरी रोग आहे.

भाऊंचं स्वतःचं वाहन म्हणजे एटीव्ही. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूतून चक्कर मारून आणतात, तीच चार जाड टायरांची आणि मोटरसायकलच्या हँडलची गाडी. कोकणातल्या एका धंदेवाल्यानं जुनी म्हणून काढली, भाऊंनी नवी म्हणून घेतली आणि टेम्पोत घालून पेनगंगेच्या खोऱ्यात आणली. इंजिन 110 सीसीचं चिनी, सिलिंडर आडवा, मूळ घडण होंडाच्या जुन्या कब गाड्यांवरून उचललेली, ताकद सातेक हॉर्सपॉवर. असल्या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, म्हणून एमएच-29 ची पाटी तिच्या नशिबी नाही. पांदणीनं वावरात जायचं आणि पांदणीनंच परत यायचं, एवढंच तिचं जग. कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, पोरं ओरडत तिच्यामागे धावतात आणि थोड्या वेळानं तिच्या पुढे निघून जातात.

एटीव्हीचं हेड पोर्ट करायचा विचार तिथे जन्माला आला.

वेग हा भाऊंच्या घराण्याचा जुना आजार आहे. आजोबांकडे पटाचे बैल होते. विदर्भातल्या शंकरपटात जोडी, धुरकरी आणि घड्याळ एवढ्याच तीन गोष्टींना मोल असतं, आणि निकाल सेकंदाच्या तुकड्यांवर ठरतो. आजोबांनी बैलांना घातलेल्या तुपाचा हिशेब आजीनं मरेपर्यंत तोंडपाठ ठेवला होता. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 2023 मध्ये घटनापीठानं त्यांवर शिक्कामोर्तब केलं. पण तोवर भाऊंच्या गोठ्यात बैल उरले नव्हते. बैलाला जे खाऊ घालायचं ते इंजिनाला कसं घालावं, हा प्रश्न मात्र वारशानं आला होता.

त्यांची पहिली गाडी आरएक्स 100. जपानच्या यामाहाची, भारतात 1985 ला आलेली आणि 1996 ला बंद पडलेली. 98 सीसीत 11 हॉर्सपॉवर देणाऱ्या या गाडीनं त्या काळात पुष्कळ तरुणांची आणि त्यांच्या वडिलांची झोप उडवली. भाऊ ती घेऊन वणीला गेले आणि तिथल्या बुजुर्ग मिस्त्रीला ऐटीत म्हणाले, "हेडचं पोर्टिंग करून द्या." बुजुर्गांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोन्त्या हेडचं?"

टू-स्ट्रोकच्या हेडात पोर्ट नसतातच. ते असतात खाली, ब्लॉकच्या भिंतीत, आणि पिस्टन वर-खाली होताना त्यांची उघडझाप करतो. हेड म्हणजे वरचं झाकण, मधोमध प्लग. भाऊ क्षणभर गडबडले, पण या जातीचा माणूस गडबडला तरी पडत नाही. "थेच म्हणून रायलो मी, ब्लॉकचं," ते म्हणाले. झरीत परतल्यावर हाच किस्सा त्यांनी उलटा करून सांगितला. त्यात चूक वणीच्या मिस्त्रीची होती.

तेव्हापासून मात्र त्यांनी अभ्यास केला, हे कबूल करायला हवं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं 1961 मध्ये 125 सीसीच्या टू-स्ट्रोकमधून 25 हॉर्सपॉवर काढले, हे भाऊ घरच्या लग्नाची हकिगत सांगावी तसं सांगतात. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, काडेनची विद्या घेऊन सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये सुझुकीच्या गाडीवर 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवून बसला. "पोर्टिंगपायी मानसानं देश सोडला," भाऊ टायरवरून सांगतात. यावर मिस्त्री म्हणतो, "माह्या उधारीपायी चार गिऱ्हाइकं झरी सोडून गेले, भाऊ. त्याचं काही करा."

एटीव्हीचं इंजिन फोर-स्ट्रोक, त्यामुळे इथे हेडला खरोखरच पोर्ट आहेत. एकातून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जातो. स्वस्त ओतकामात आतली भिंत खडबडीत राहते, पॅकिंगपाशी पायरी पडते, वॉल्व्हच्या सीटखाली कड निघते. ती कड काढायची, पायरी मोडायची, वळणाला आकार द्यायचा म्हणजे पोर्टिंग. काम नाजूक आहे. ग्राइंडर एकदा जास्त फिरला की गेलेलं अॅल्युमिनियम परत येत नाही.

भाऊंचा सिद्धांत सोपा होता: भोक मोठं, हवा जास्त, गाडी पळते. मिस्त्रीनं तो एका वाक्यात पाडला. "भाऊ, तुमच्या ठिबकच्या व्हेंचुरीचं नरडं मोठं केलं तं खत ओढन का थे?" भाऊ गप्प झाले. त्यांच्याच वावरात व्हेंचुरी बसवलेली आहे. नरडं अरुंद असतं म्हणून तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खत आपोआप ओढलं जातं. कार्बोरेटर त्याच नियमावर चालतो. पोर्ट वाजवीपेक्षा रुंद केला की कमी आरपीएमला मिश्रणाचा वेग मरतो आणि ज्या ठिकाणी शेतकऱ्याला जोर हवा असतो नेमकी तिथे गाडी धापा टाकते. इनटेकचा पोर्ट आरशासारखा चकचकीत करण्याचाही फायदा नाही. भिंतीवर पेट्रोल ओघळतं, मिश्रण नीट होत नाही.

ही गोष्ट नुसती नजरेनं ठरवायची नसते, हे जगाला कळूनही बरीच वर्षं झाली. इंग्लंडच्या हॅरी वेस्लेकनं हेडातून जाणारी हवा मोजायची पद्धत बसवली आणि 1948 मध्ये आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनाच्या हेडमागे त्याचं डोकं होतं. आजही जाणकार माणूस फ्लो बेंचवर हेड चढवतो, आकडा बघतो, थोडं घासतो, पुन्हा आकडा बघतो. मग कार्बोरेटरचे जेट बदलावे लागतात, कधी कॅमही. झरीत फ्लो बेंच नाही. भाऊ पोर्टात बिडीचा धूर सोडतात आणि डोळे बारीक करून बघतात.

कोल्हापूरचा विषय निघाला की भाऊंचा आवाज खाली येतो. तिथल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये देशभरातल्या गाड्यांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, आणि शर्यतीच्या गाड्यांचं वेडही त्या शहराला जुनं आहे. हेड पार्सलनं तिकडे पाठवावं असं भाऊंनी बऱ्याच दिवाळ्यांपासून ठरवलं आहे. खोकं आणून ठेवलं आहे. त्यात सध्या वहिनी कांदे ठेवतात.

मग नागपूरला मेकॅनिकल शिकणारा पुतण्या सुटीत आला. त्याच्या कॉलेजची पोरं बाहा स्पर्धेसाठी एटीव्ही बनवत होती. भारतात ही स्पर्धा 2007 पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला भरू लागली. भाऊंनी त्याला जवळ बसवलं. "पोर्टिंग कोनाकडून करता?"

"करताच येत नाही काकाजी. समद्या टीमले एकच इंजिन, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, 10 हॉर्सपॉवर. थे खोलाले मनाई हाय."

"मंग जिंकते कसे?"

"वजन कमी करतो. गिअरिंग बसवतो. सस्पेन्शन सुधारतो."

इंजिनाला हात न लावता शर्यत, ही कल्पना भाऊंना इतकी लागली की त्या रात्री ते जेवले नाहीत. पुतण्याचं म्हणणं मात्र त्यांच्या एटीव्हीला तंतोतंत लागू होतं. मागच्या कॅरिअरला फवारणीची टाकी, पुढे खताची पिशवी, मधे भाऊ. यातलं काहीही कमी केलं तरी पोर्टिंगपेक्षा जास्त पिकअप मिळाला असता. भाऊंनी टाकी कमी केली. वहिनींनी ती परत बांधली.

शिवाय झरीची हवा. थंडीतल्या पहाटेच्या 15 अंशांना जी हवा असते, तिच्यापेक्षा मे महिन्यातली 45 अंशांची हवा सुमारे एक दशांशानं विरळ. चांगल्या हातानं पोर्ट केलेलं हेड सात हॉर्सपॉवरच्या इंजिनाला जे देईल, साधारण तेवढंच इथला उन्हाळा काढून घेतो. भाऊंना हे सांगितलं तर ते म्हणतात, "मंग हिवाळ्यात करू." हिवाळ्यात वेचणी असते. वेचणीनंतर जिनिंगमध्ये कापूस जातो आणि चुकाऱ्याची वाट बघावी लागते. चुकारा आला की सोसायटीचं कर्ज उभं राहतं, आणि ते फिटेपर्यंत पुन्हा मे.

एकदा मात्र प्रकरण निर्णयापर्यंत आलं होतं. चुकारा वेळेवर मिळाला, सोसायटी भागली, थोडे पैसे उरले आणि भाऊंनी जाहीर केलं की उद्या हेड खोलायचं. गॅरेजात गर्दी जमली. मिस्त्रीनं पाना हातात घेतला आणि सवयीनं आधी एअर फिल्टर काढला. फिल्टर कसला, काळ्या मातीचा आणि कापसाच्या रुईचा गोळा. तो धुतला. टॅपेट तपासले, ते घट्ट झाले होते, भाऊंच्याच फीलर गेजनं बसवले. ब्रेकचे लायनर ड्रमला धरत होते, ते सैल केले. कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केला. मग किक मारली. गाडी पांदणीनं अशी निघाली की पोडावरची पोरं पहिल्यांदाच मागे राहिली.

सगळे खूश झाले. भाऊ उतरले आणि टायरवर येऊन बसले. चेहरा घरात कोणी गेल्यासारखा. ज्या रोगावर एवढा अभ्यास केला, तो नुसत्या आंघोळीनं बरा झाला, ही नामुष्की साधी नव्हती. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आता पोर्टिंग केलं तं किती पळन, विचार करा."

विचार झरी करते आहेच. आरएक्ससाठी त्यात कायद्याचाही भाग येतो. नोंदणीच्या वाहनात कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत सांगितलं आहे. एटीव्हीला ही अडचण नाही, कारण ती मुळात रस्त्यावरच नाही. तिची अडचण वेगळी आहे. बंदिस्त ट्रॅकवर वरच्या आरपीएमला सतत धावणाऱ्या गाडीचं हेड मोजून-मापून पोर्ट करणं हा शहाणपणाचा खर्च आहे. फवारणीचं पाणी ओढणाऱ्या गाडीचं हेड उघडायचंच असेल, तर आधी फिल्टर, टॅपेट, जेट, ब्रेक आणि कॉम्प्रेशन तपासावं. एवढं केल्यावर बहुतेक गाड्यांना पोर्टिंगची गरज उरत नाही. कोणाला मुकुटबनकडून झरीत यावं लागलं आणि गाडी त्या गॅरेजापाशी पंक्चर झाली, तर उतरल्या-उतरल्या सांगून टाकावं की फक्त ट्यूब बघायची आहे.