फुकटच्या जागेतले बिऱ्हाड

इंटरनेटवर फोटो ठेवायला 'स्वतःची' जागा फुकट मिळते म्हटल्यावर मराठी माणूस हरखतो. मुंबई-पुण्यात नाही, निदान तिथे तरी! पण तिथले घरमालक भलतेच बेरकी. याहूने २००९ साली जिओसिटीज या फुकट संकेतस्थळांच्या वसाहतीला टाळे ठोकले. फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर संकेतस्थळांवर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागितले. न देणाऱ्यांच्या फोटोंच्या जागी पैसे भरण्याची पाटी लटकली. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट वाटली आणि २०१९ पासून फुकट्यांना हजार फोटोंवर आणून बसवले. गूगल फोटोजचे अमर्याद औदार्य १ जून २०२१ ला आटोपले. आता १५ जीबी, ईमेल धरून.

आणि आपण तिथे साठवतो तरी काय? बारशाचे एकसारखे चाळीस फोटो, सगळ्यांत बाळाचे डोळे मिटलेले. लाइट बिल. आधार कार्डाची झेरॉक्स. काकांनी धाडलेले 'शुभ प्रभात'चे गुलाब. नातेवाइकांना लिंक पाठवावी, तर उत्तर ठरलेले : "उघडत नाही हो, व्हॉट्सॲपवरच टाका."

तेव्हा एवढे करा : बारशाचे चार बरे फोटो छापून घ्या, एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि काकांचे गुलाब आजच पुसा. काकांना सांगू नका.