पोच घेतली का?

वसई-विरारमध्ये लोकसहभाग सकाळी अकरा वाजता असतो. तोही कामाच्या दिवशी. ज्यांचा सहभाग हवा ती माणसं त्या वेळी अंधेरीत, लोअर परळला नाहीतर चर्चगेटला आपापल्या टेबलाशी पोचलेली असतात. पहाटेचा डबा भरून, विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून गेलेली. त्यामुळे सुनावणी अत्यंत शांततेत पार पडते. मग इतिवृत्तात वाक्य येतं, ‘नागरिकांचा अल्प प्रतिसाद लाभला.’ सुटकेचा नि:श्वास इतिवृत्तात लिहायची पद्धत नाही, म्हणून ‘लाभला’ म्हणायचं.

लोकांना विचारायची सोय आपल्याकडे नाही, असं कोणी म्हणू नये. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्याच्या कलम 26 नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा आणि हरकती-सूचना मागवायच्या. मुदत 30 दिवस. आराखडा काढणाऱ्या खात्याला सर्वेक्षण, मोजणी, नकाशे करायला वर्षं लागतात. नागरिकाला तो वाचून, समजून, सोसायटीत चर्चा करून, चूक शोधून, अर्ज लिहायला महिना पुरतो. नागरिकाच्या बुद्धिमत्तेवर सरकारचा एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्याही खात्यात दिसत नाही.

खरी गंमत क्रमात आहे. आधी आराखडा, मग तुम्ही. पंगत उठल्यावर ‘आमटीत मीठ बरोबर होतं ना?’ म्हणून विचारणाऱ्या यजमानाला काय उत्तर देणार? बरोबर होतं म्हणायचं आणि विडा घेऊन निघायचं.

बरं, नकाशा पाहायला जावं, तर त्यावर तुमचं घर नसतं. सर्व्हे नंबर असतो, हिस्सा नंबर असतो, पिवळा पट्टा म्हणजे निवासी, जांभळा म्हणजे औद्योगिक, आणि मध्ये कुठेतरी एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे 18 मीटरचा रस्ता आणि तो तुमच्या ओटीवरून गेलेला, हे कळायला ओळखीचा आर्किटेक्ट लागतो. बिल्डरकडे तो पगारी असतो, म्हणून त्यांच्या सूचना नेमक्या असतात. नागरिकाची सूचना ‘आमच्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं’ अशी असते. ती नकाशाच्या कुठल्याच रंगात बसत नाही. ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होते आणि त्या विभागात सुखाने नांदते.

आता गावांचं बघा. 3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 गावं एकत्र करून महापालिका झाली. गाव शहरात गेलं की रस्ते येतील, नळ येईल, गटारं येतील, असं सांगतात. ते येतात किंवा येत नाहीत. पण एक गोष्ट त्याच दिवशी जाते, ती म्हणजे ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडा फडकला, पेढा खाल्ला की गावातला कोणीही मतदार उठून सरपंचाला विचारू शकत होता, ‘तो मोरीचा पैसा कुठे गेला?’ ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभाही कायद्यातच आहे. सरपंचाला उत्तर द्यावं लागायचं, कारण संध्याकाळी त्याच नाक्यावर गाठ पडायची. महापालिका आली आणि मतदाराचा एका रात्रीत ‘सन्माननीय नागरिक’ झाला. सन्मान मिळाला, सभा गेली.

गावांनी याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. 2011 मध्ये सरकारने 29 गावं वगळली. प्रकरण न्यायालयात गेलं, स्थगिती आली. 2024 मध्ये सरकारनेच ती गावं पालिकेत ठेवायची अधिसूचना काढली. तुम्ही नक्की कोणाचे, हे सांगायला 13 वर्षं. तेवढ्यात बारशाला आलेलं पोर सातवी-आठवीत गेलं. त्याचा रहिवासी दाखला कुठला, हे विचारू नका.

ग्रामसभा गेली तरी शहरात तिची धाकटी बहीण आहे, तिचं नाव क्षेत्रसभा. 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या हव्यात, असं ती सांगते. वसई-विरारची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच सव्वाबारा लाखांच्या घरात होती, आणि पालिकेला नऊ प्रभाग समित्याही आहेत. त्यावर सामाजिक संस्थांचे तीन जण नेमता येतात. महाराष्ट्राने 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभाही घातली. मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्यांनी बसायचं, आपल्या भागाला काय हवं ते क्रमाने सांगायचं, अशी कल्पना. महापालिकेचा जन्म 2009 चा, क्षेत्रसभेची तरतूदही 2009 ची. एकाच वर्षी जन्मलेली भावंडं. एकाचं मुख्यालय झालं. दुसऱ्याची सभा आपल्या भागात कधी भरली होती, हे वाचकांनी घरातल्या ज्येष्ठांना विचारावं.

पुढे तर सभा भरवायला माणूसच उरला नाही. जून 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. साडेपाच वर्षं आयुक्त स्वत:च प्रस्ताव मांडत, स्वत:च मंजूर करत, आणि स्वत:लाच कळवत. सभागृहात एवढं एकमत याआधी कधी झालं नव्हतं. आता 115 नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभागांत चार-चार. गटार तुंबलं की एक म्हणतो ते दुसऱ्याकडे, दुसरा म्हणतो तिसऱ्याच्या भागात, आणि चौथा वाढदिवसाच्या फलकावर हात जोडून उभा आहेच.

तरीही आपल्याकडे नियोजन नाही असं नाही. जागा राखून ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही. सिडकोने या भागाचा आराखडा 2021 पर्यंतचा केला होता. त्यात उद्यानं होती, शाळा होत्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरी परिसरात प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. एका रात्रीत इमारत उभी राहत नाही. स्लॅब पडतो, त्याचे पेढे वाटले जातात, टाक्या चढतात, पडदे लागतात, कंदील लागतात. हे सगळं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसत होतं. जे पाहायची नोकरी करत होते, त्यांना दिसलं नाही. शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी 2025 पर्यंत इमारती पाडल्या गेल्या. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबं सामानासह रस्त्यावर आली. ज्या आराखड्यात ती जागा राखीव होती, तो घर घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत कुणी नाक्यावर लावला असता, तर काही जण तरी वाचले असते. एक मोठा फलक, ‘ही जागा राखीव आहे’ एवढंच. पण फलकांची जागा आपल्याकडे वाढदिवसांसाठी राखीव असते आणि त्या आरक्षणावर कधी अतिक्रमण होत नाही.

जुलै 2018 चा पूर आठवा. शहर पाण्यात, लोकल बंद, मिठागरातली माणसं अडकलेली. त्यानंतर पालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांनी इतर उपायांबरोबर धारण तलाव सुचवले. म्हणजे भरतीच्या वेळी पाऊस पडला तर पाण्याला थांबायला जागा. सूचना शंभर टक्के योग्य. फक्त ही युक्ती वसईच्या वाडीवाल्याला आधीपासून ठाऊक होती. वाडीवाडीत बावखलं, म्हणजे पाणी साठायची छोटी तळी होती, पश्चिमेला खाजणं होती, मिठागरं होती. पाणी तिथे थांबायचं, जमिनीत मुरायचं, ओहोटीला खाडीत जायचं. त्यातली कित्येक बावखलं भरणी टाकून बुजवली गेली आणि खाजणांवर वसाहती झाल्या. धारण तलाव मोठे असतात, तज्ज्ञांचं गणित हवंच, याबद्दल वाद नाही. पण भरणीचा पहिला डंपर रिकामा होत होता, तेव्हा शेजारच्या म्हातारीला विचारलं असतं तर तिने फुकटात सांगितलं असतं, ‘बाबा, इथे पाणी येतं.’ तिची अडचण एवढीच की तिच्याकडे लेटरहेड नाही.

या भागाला लोकसहभाग शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. इथल्या विहिरी उपसून टँकर इमारतींना पाणी विकत होते, हिरवा पट्टा बिल्डरांच्या नजरेत भरला होता, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसं हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरली. आज पश्चिमेला केळीची, फुलांची, पानवेलीची वाडी कुठे शिल्लक दिसते, त्याचं थोडं श्रेय त्या भांडणाला आहे. जुन्या वसईकराला भांडता येतं.

अडचण नव्या वसईकराची, म्हणजे आमची. आम्ही इथे झोपायला येतो. आमचं मत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अत्यंत जहाल असतं, रात्री साडेअकराला. सोसायटीची वार्षिक सभा मात्र गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच सात माणसांत पुन्हा भरते. त्यातले तिघे पार्किंगसाठी आलेले असतात. गावकऱ्याला वाटतं, हे इमारतवाले आमचं पाणी प्यायले. इमारतवाल्याला वाटतं, या गाववाल्यांमुळे रस्ता रुंद होत नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, तेवढ्यात नकाशा मंजूर होतो. बोट दाखवायला दोघांकडे वेळ आहे, एका टेबलाशी बसायला नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. सूर्या प्रकल्पाचं 403 दशलक्ष लिटर पाणी, त्यातलं 185 वसई-विरारचं. 2023 मध्ये पहिल्या टप्प्याचं काम झालं, पाणी मात्र पाइपात उद्‌घाटनाच्या तारखेची वाट पाहत बसलं, म्हणून लोकांना आंदोलन करावं लागलं. धरण भरायला पाऊस लागतो. नळाला यायला पाहुणा लागतो.

लोकांना विचारायच्या पद्धती देशात नाहीत असंही नाही. केरळने 1996 पासून राज्याच्या योजना खर्चाचा 35 ते 40 टक्के हिस्सा स्थानिक संस्थांच्या हाती द्यायचं ठरवलं आणि मग वॉर्डावॉर्डात सभा घेतल्या. पैसा हातात असला की सभेला गर्दी होते, ही गोष्ट तज्ज्ञ समितीशिवायही समजते. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. तिथे मागण्या बाकडी, पेव्हर ब्लॉक आणि दिशाफलक यांच्यापुढे फारशा जात नाहीत, अशी टीका होते. होऊ द्या. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, तो आधी बाकडंच मागणार. बाकड्यावर बसला की पुढचं सुचेल.

आमच्याकडे सध्या सहभाग म्हणजे क्यूआर कोड. स्वच्छ सर्वेक्षण आलं की पालिकेला नागरिकांची भयंकर आठवण येते, कारण अभिप्रायाला गुण असतात. ‘कृपया अभिप्राय द्या, आपलं शहर अव्वल आणा.’ कचरा उचलला का, हे विचारत नाहीत. उचलला असं म्हणा, असं विचारतात.

तर मागण्या फार नाहीत. सुनावणी रविवारी सकाळी घ्या आणि ती त्या त्या प्रभागात घ्या, मुख्यालयात नको. नकाशावर सर्व्हे नंबराबरोबर शाळेचं, देवळाचं, चर्चचं, नाक्याचं नाव लिहा. प्रभागातल्या कामांचा काही ठरावीक पैसा क्षेत्रसभेने ठरवलेल्या क्रमाने खर्च करा. आणि शेवटची मागणी, जी सगळ्यांत स्वस्त आहे आणि म्हणूनच सगळ्यांत अवघड. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. मान्य केली तर कुठे बदल झाला ते, फेटाळली तर का फेटाळली ते, दोन ओळींत. विचारणं सोपं असतं. सहभाग उत्तरात असतो.

नगरसेवकांना हे पाच वर्षांत जमलं तर उत्तम. नाही जमलं तरी तुम्ही थांबू नका. पुढचा आराखडा हरकतींसाठी समोर येईल, तेव्हा गावकरी आणि सोसायटीवाले एकत्र जाऊन नकाशा बघा. एक दिवस रजा टाका, गणपतीला टाकता तशी. अर्ज साध्या मराठीत लिहा, सर्व्हे नंबर घाला, दोन प्रती करा. आणि आवक-जावकच्या खिडकीतून निघण्याआधी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगितलेलं शहर ऐकत नाही. त्याला पोच लागते.