किंवा त्याबदली पगार

हिंजवडीतल्या नेमणूकपत्रांतून समानता नुसती ओसंडून वाहते. नोकरी सोडायची तर तुम्ही कंपनीला नव्वद दिवसांची नोटीस द्यायची. काढायचं तर कंपनीही तेवढीच देणार, ‘किंवा त्याबदली पगार’. सगळी गंमत या ‘किंवा’त. कंपनीनं तो वापरला की दुपारी मीटिंग, संध्याकाळी ओळखपत्र बंद. तुम्ही पैसे भरून लवकर सुटायचं म्हणालात, तर मात्र ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’.

कायदा आहे की! वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. पण व्यवस्थापकीय काम करणारा तो कामगार नव्हे, असं १९४७चा औद्योगिक विवाद कायदा सांगत होता, २०२०ची औद्योगिक संबंध संहिताही सांगते. हाताखाली चिटपाखरू नसलेल्यांनाही मॅनेजर का करतात, ते कळलं? कोर्ट हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघतं म्हणा; पण कोर्टात जायला मॅनेजरला रजा कोण देणार?

वर प्रतिस्पर्ध्याकडे वर्षभर जायचं नाही, ही अट. १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ तिला रद्दबातल ठरवतं. तरी ती छापतातच. आपल्याला नकोसा झालेला माणूस दुसऱ्याला हवासा वाटू नये, एवढीच माया.