सव्वीस आट्यांचा माणूस

चंदगड तालुक्यात पाऊस एकदा धरला की खिळ्यापासून कडीकोयंड्यापर्यंत सगळं तांबडं पडतं. अशा मुलखात जुन्या पोलादी सायकलींची हौस करणं म्हणजे पागोळीखाली मीठ वाळत घालणं. तरीही ती करणारा एखादा गृहस्थ चार गावांमागे सापडतोच. बहुधा तो निवृत्त शिक्षक असतो. हौसेला लागणारी पेन्शन आणि कुणी ऐकत नसताना बोलत राहण्याचा सराव, दोन्ही त्याच्यापाशी असतात. जन्मभर त्यानं भूमिती शिकवलेली असली तरी गाव त्याला 'रॅले गुरुजी' म्हणतं.

समोरून सायकल आली की आपण स्वार कोण ते बघतो, गुरुजी चेनव्हील बघतात. दात्यांच्या आत बगळ्यांची डोकी कोरलेली दिसली की रॅले. पंजा दिसला की रज. बीएसए तर आपलं नावच कोरून हिंडते. वर कोण बसलाय, जिवंत आहे की कसं, ही चौकशी नंतर. गावातली माणसंही त्यांच्या लक्षात अशीच राहतात. "तू मागचा मडगार्ड चेपलेल्या हर्क्युलसचा नातू न्हवं?" असं त्यांनी एका तहसीलदारांना भर कचेरीत विचारलं होतं. तहसीलदार होय म्हणाले, आणि मग दोघंही त्या मडगार्डावर बराच वेळ बोलत बसले. दाखला राहिला तो राहिलाच.

जातपात न मानणारे गुरुजी सायकलींच्या बाबतीत मात्र फार कडक. नॉटिंगहॅमची रॅले देवघरापर्यंत. बंगालात आसनसोलला झालेली सेन-रॅले ही तिचीच लेक, पण तिला प्रवेश ओसरीपर्यंत. मद्रासकडच्या हर्क्युलस आणि फिलिप्स परड्यात, आणि लुधियानाच्या हीरोबद्दल "कामाला बरी" एवढंच. मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब निघाला, तर गुरुजी चष्मा पुसून कुंडली मांडायला बसतात. त्या हबवर साल आणि महिना ठोकलेला असतो. ५८ आणि ३ दिसले की १९५८ चा मार्च. स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा त्यांना काकींना विचाराव्या लागतात.

या छंदाचं सगळं अर्थकारण एका आट्यावर उभं आहे. इतर इंग्रजी सायकलींच्या पायडल-एक्सलच्या कपाला इंचाला २४ आटे असायचे, रॅलेनं आपले २६ ठेवले. त्यामुळे दुसरीचा कप हिला बसत नाही, हिचा दुसरीला बसत नाही. करणी नॉटिंगहॅमच्या साहेबाची, भोगतंय चंदगड. एका मेस्त्रीनं चोवीसचा कप हातोडीनं सव्वीसात घातला, तेव्हापासून गुरुजी त्या मेस्त्रीच्या गल्लीतून जात नाहीत. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे आला. पण छर्रे, कॉटर, ब्रेकच्या कांड्या शोधायला गुरुजी अजून बेळगावच गाठतात. सीमाप्रश्नावरचं त्यांचं मत त्या दिवशी काय मिळालं यावर अवलंबून असतं.

मिळवण्याचं खरं ठिकाण मात्र भंगारवाला. पूर्वी तो सायकल काट्यावर टाकायचा आणि किलोचा भाव सांगायचा. गुरुजींनी त्याला शहाणं केलं. एकदा चेनव्हीलवरचे बगळे बघून त्यांच्या तोंडून "अहाहा" निघालं, त्या दिवसापासून काटा बाजूला पडला. आता तो कुठलाही गंजका सांगाडा पुढे करून म्हणतो, "गुरुजी, रॅले हाय." परवा त्यानं पिठाच्या चक्कीचं चाकही रॅलेचं म्हणून दाखवलं. गुरुजींनी ते उलटसुलट करून पाहिलंच.

खेड्यापाड्यांतल्या आज्या याहून अवघड. एका परड्यात अस्सल रॅले उभी होती आणि दांडीवर ओळीनं कोंबड्या बसलेल्या. आजीला पैशात रस नव्हता. "न्या की गाडी. पर माझ्या कोंबड्या बसायच्या कुठं?" गुरुजींनी बांबू आणून मांडव घातला. कोंबड्या त्यावर बसेनात. उंची कमी केली, जास्त केली, शेवटी हँडलच्या आकाराचा वाक दिला तेव्हा कोंबड्या राजी झाल्या आणि सायकल सुटली. तिच्यावरची शिट खरवडताना खाली मूळचा काळा रंग शाबूत निघाला. गुरुजींनी हा कोंबड्यांचा उपकार मानला. पेंटर असं अस्तर देत नाही म्हणाले.

सायकल घरी आली की सजावट सुरू होते, कारण गुरुजींना नुसती फिरायची नाही, लांबच्या प्रवासाची सायकल हवी असते. पुढे कॅरिअर, मागे कॅरिअर, बाटलीएवढा डायनॅमो. दोन्ही बाजूंना फौजी पिट्टू उसवून शिवलेल्या पिशव्या. घरटी फौजी असलेल्या या तालुक्यात कापडाला तोटा नाही. वर ब्रूक्सची चामडी सीट. बर्मिंगहॅमची ही कंपनी १८६६ ची, पण तिनं चंदगडचा आषाढ धरला नव्हता. सीटला बुरशी येते म्हणून गुरुजी पावसाळ्यात ती चुलीवरच्या माळ्यात टांगतात, सुक्या बांगड्यांशेजारी. गणपतीनंतर ती सायकलवर चढते आणि गल्लीतली मांजरं गुरुजींना वेशीपर्यंत पोचवायला जातात.

गंजावरही त्यांनी देशी इलाज काढला होता. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांच्या लाकडाला लावतात, मग लोखंडाला का नको? घरोघरी काजू असलेल्या तालुक्यात हा विचार दुसऱ्या कुणालाच का सुचला नव्हता, हे त्यांना संध्याकाळी कळलं. ते तेल कातडीला लागलं की फोड येतात. गुरुजी कितीतरी दिवस पाय फाकून चालत होते. "पण गंज? गंज बघा कुठं दिसतो का," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते.

एवढ्या तयारीनं ते जातात कुठे? मुंबईहून १९२३ साली निघालेल्या अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली मुंबई गाठली. सुमारे ७१,००० किलोमीटर. हा दाखला गुरुजी तिलारीनगरला जातानाही देतात. रिकामी सायकलच वीसेक किलोची. त्यात पाने, पंप, सोल्यूशन, सुटे आरे, जादा चेन, स्टोव्ह आणि हे सगळं दुरुस्त करायला लागणारी आणखी हत्यारं. चढावर ती ढकलावी लागते. तिलारीच्या घाटात उतारावरही हातातच धरावी लागते, कारण ओल्या क्रोमच्या रिमवर कांडीचे ब्रेक नुसते गुणगुणतात. पुढे कोकणातल्या सपाटीवर बसावं म्हणावं, तर घाट उतरून पाय भरून आलेले. अशा रीतीनं गुरुजींनी दोडामार्गपर्यंतचा सायकल-प्रवास जवळजवळ पायीच केला आहे. माझ्या मते यात फसवणूक काही नाही. पंढरीचा वारकरी तरी पालखीत कुठे बसतो?

रविवारी बेळगावची पोरं कार्बनच्या सायकलींवर येतात. नागनवाडीच्या चहाच्या टपरीवर एकदा गाठ पडली. पोरानं एका बोटावर सायकल उचलून दाखवली. गुरुजींनी शांतपणे विचारलं, "कॅरिअर कुठं लावतोस?" कॅरिअर नव्हता. "घोडा?" तोही नव्हता, सायकल भिंतीला टेकलेली. "मडगार्ड?" पोरगा पाठीवर उडालेल्या चिखलाची रेघ लपवत म्हणाला, "वजन वाढतं ना, काका." पुढे त्याच पोराचं टायर बसलं. गुरुजी आनंदानं उठले, पिशवी सोडली, अख्खा बाक हत्यारांनी भरला. पण पोराच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक, गुरुजींचा पंप व्हॉल ट्यूबचा. एकही वस्तू एकमेकांना लागेना. शेवटी दोघं एकाच टेम्पोत बसून चंदगडला आले. वाटेत गुरुजींनी त्याला सव्वीस आटे समजावले. पोराला उतरता येत नव्हतं.

खरेदी जमते, विक्री जमत नाही. नव्या सायकलीला जागा हवी म्हणून गुरुजी दरवर्षी दसऱ्याला एक काढायची ठरवतात. गिऱ्हाईक येतंही. मग चौकशा सुरू होतात. घर पत्र्याचं की कौलारू? रात्री ही पडवीत राहणार की आत? घरात लहान पोरं किती? अगोदरची एखादी आहे का, आणि तिचं काय झालं? कोल्हापूरच्या एका डॉक्टरांना त्यांनी "तुमच्या हातून चेनला तेल पडायचं नाही" म्हणून परत लावलं होतं.

यंदा फोंड्याहून एक गृहस्थ टेम्पो घेऊनच आले. चौकशीत पास झाले, किमतीवर हुज्जत घातली नाही. काकींनी परड्यातली जागा मोकळी होणार म्हणून तुळशीची कुंडी हलवूनही ठेवली. चहा झाला. फोंडेकर सहज म्हणाले, त्यांच्या वडिलांची एक आहे, ५३ च्या हबची, पण कप मिळत नाही म्हणून पडून आहे, दाखवायला टेम्पोतच आणलीय. गुरुजींनी माळ्यावरच्या डब्यातून सव्वीसचा कप काढला. दोघं परड्यात उकिडवे बसले ते दिवेलागणीलाच उठले. टेम्पो परत गेला तेव्हा त्यात एक डायनॅमो, पाच किलो काजूगर आणि कृतार्थ फोंडेकर होते.

काकी दारात आल्या. परड्यात एक सायकल जास्त उभी होती.

"अवो, घ्यायला आलेला माणूस देऊन गेला व्हय? आता ही कुठं ठेवूलासा, माझ्या खाटेवर?"

गुरुजींनी वळून खाटेकडे पाहिलं आणि वितीनं तिची लांबी मोजायला घेतली.