आबांच्या सायकलीची चौकशी

म्युन्स्टर, जर्मनी

ती. आबा आणि माय यांस,


आम्ही सगळे इकडं खुशाल. मृग बरसला का, सोयाबीनचं बियाणं आणलं का, हे दादाला फोनवर विचारलं तर त्यानं दुसरंच काहीतरी सांगितलं. कौसडी फाट्याजवळ एका हायवा ट्रकनं तुम्हाला सायकलसकट मुरमात उतरवलं म्हणे. वरून तुम्ही घरी येऊन काय म्हणालात, तर "त्याची गाडी मोठी, त्याला वाट द्यावीच लागते." आणि माय दादावर चिडली, "कामून सांगितलंस तिला?" म्हणून. फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र मध्येच कट करता येत नाही.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपल्याकडं बारकी पोरंसुद्धा छातीठोकपणे सांगतात. मी दोन्हीकडं राहिले, त्यामुळं दोन्हीकडच्या रस्त्यांबद्दल बोलायचा मला हक्क आहे. आपल्या जिंतूर रोडवर मान टायर बघून मिळतो. सगळ्यात आधी हायवा, मग एसटी, मग उसाची डबल ट्रॉली. ट्रॉलीला मागं दिवा नसतो, पण पुढं डीजे असतो. मग जीप, मग फटफटी, मग शेळी, आणि सगळ्यात शेवटी सायकल. शेळीला धक्का लागला तर मालक पंचवीस माणसं घेऊन भांडायला येतो. सायकलवाल्याला धक्का लागला तर तोच उठून धोतर झटकतो आणि म्हणतो, त्याची गाडी मोठी.

इथं ही रांग कायद्यानंच उलटी करून ठेवली आहे. सायकलवाल्याला ओलांडताना मोटारवाल्यानं गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं, असं 2020 साली नियमात आकड्यानिशी लिहिलं. दोन मीटर म्हणजे तुम्ही दोन्ही हात पसरून उभे राहिलात तरी वर वीतभर उरेल. तेवढी जागा नसेल तर मागं मागं यायचं, मग पुढं सत्तरीची आजी भाजीची पिशवी लावून निवांत पायडल मारत का असेना. आजी बाजूला होत नाही. मागं चार चार मोटारी गोगलगायीसारख्या सरकतात आणि हॉर्न कोणी वाजवत नाही, कारण गावात हॉर्न फक्त धोका असेल तरच. पहिल्या वर्षी मला वाटलं, आजीला कमी ऐकू येत असेल.

आमचं म्युन्स्टर हे सायकलवाल्यांचंच गाव समजा. वस्ती तीन लाखांच्या वर आणि सायकली पाच लाख धरतात. जुन्या गावाभोवती तट होता, तो पाडून त्या जागी साडेचार किलोमीटरचा गोल रस्ता केला. दोन्ही बाजूंनी झाडं, आणि मोटारींना मज्जाव. रेल्वे स्टेशनाजवळ जमिनीखाली तीन हजारांवर सायकली ठेवायची सोय 1999 पासून आहे. तिथंच पंक्चर काढून मिळतं आणि सायकल पाण्यानं धुऊनही मिळते. सायकल धुवायला पैसे देणारी माणसं बघून तुमचे जावई दोन दिवस हसत होते.

पण माय, इथली माणसं देवमाणसं आहेत असं समजू नकोस. आतून सगळी आपल्या बोरी गावासारखीच. मोटारवाल्यांना वाटतं सायकलवाले माजलेत, सायकलवाल्यांना वाटतं मोटारवाले खुनी आहेत, आणि पायी चालणाऱ्यांना दोघंही नकोत. 2012 साली इथले वाहतूक मंत्री पीटर रामझाउअर यांनी बेशिस्त सायकलवाल्यांना "लढाऊ सायकलवाले" म्हटलं, तर ते नाव अजून वर्तमानपत्रांत फिरतंय. फरक एवढाच की इथं शिवी महाग पडते. समोरच्याला नुसतं कपाळाला बोट लावून "डोकं फिरलंय का" अशी खूण केली तरी तो अपमानाचा गुन्हा होतो, दंड बसू शकतो. आबा, इथल्या हिशेबानं तुम्ही झरी गावापर्यंत जाऊन येईस्तोवर आपलं शेत गहाण पडलं असतं.

तुमच्या जावयांचं तर विचारूच नका. मोटारीत बसले की यांचं पालुपद सुरू, "हे सायकलवाले कर भरत नाहीत, हेल्मेट घालत नाहीत, आणि रस्ता बापाचा असल्यासारखे चालतात." तेच गृहस्थ सायकलवर बसले की कोपऱ्यावरच्या मोटारीला बघून म्हणतात, "दीड मीटर! दीड मीटर दिसत नाही का याला?" माणूस तोच, फक्त बुडाखालची गाडी बदलली. मागच्या हिवाळ्यात पोलिसांनी त्यांना बिनदिव्याचं पकडलं. इथं पोलिसही सायकलवर असतात, त्यामुळं गल्लीत शिरून पळायची सोय नाही. यांनी सांगून बघितलं की चांदणं आहे. वीस युरो गेले, म्हणजे आपले दोन हजार. सिग्नल तोडला असता तर साठ युरो, आणि मोटारवाल्याच्या नावावर चढतो तसा सायकलवाल्याच्याही नावावर दोषाचा एक गुण चढतो. तेव्हापासून दिवा दिवसाही चालू असतो.

हे भांडण सायकलीइतकंच जुनं आहे बरं का. कार्ल ड्राइस नावाच्या माणसानं 12 जून 1817 रोजी मॅनहाइम गावातून पहिली दुचाकी काढली. लाकडी होती, पायडल नव्हतं, पायानं रेटत जायची. त्याच्या आदल्या वर्षी इकडं उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, वैरण मिळेना, घोडे पोसवेनात, म्हणून त्याला ही कल्पना सुचली असं काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे बघा, त्यांच्याकडं दुष्काळातून सायकल निघाली. आपल्याकडं चारा छावणी निघते. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मॅनहाइममध्ये ही गाडी फूटपाथवरून चालवायला बंदीही आली. सायकल जन्मून जेमतेम सहा महिने, तोवर तक्रारी सुरू!

आता मुख्य बातमी. तुमची नात सायकलची परीक्षा पास झाली. हसू नका, इथं चौथीच्या पोरांना खरंच ही परीक्षा असते. शिकवायला पोलीस येतात. वळायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं, हात बाहेर काढायचा, परत बघायचं, मग वळायचं. आधी लेखी पेपर, मग रस्त्यावर. आपल्याकडं दादा कैची मारून शिकला तेव्हा तुम्ही शिकवणी म्हणून पाठीत एक धपाटा दिला होता. पास झाल्यापासून पोरगी घरात फौजदार झाली आहे. बापाच्या शेजारी मोटारीत बसून ती डावी-उजवीकडं बघते आणि चुका मोठ्यानं वाचते. तिला बोलून उपयोग नाही, कारण कायदा तिच्या बाजूनं आहे. दहा वर्षांच्या आतल्या पोराला मोटारीचा धक्का लागला तर त्यात पोराची चूक धरतच नाहीत, मुद्दाम केलं नसेल तर. पोर पोरासारखं वागणार, मोठ्या माणसानं मोटार आवरायची, असा साधा हिशेब.

आबा, तुम्ही म्हणाल की तिकडं रस्ते आहेत म्हणून चोचले आहेत. रस्ते आहेत, खरं आहे. तरी 2022 साली इथं 474 सायकलवाले मेलेच. मोटार आणि सायकल धडकली तर चारात तीनदा मोठी चूक मोटारवाल्याची निघते, तेही इथं. पण सगळी वाहनं मिळून त्या वर्षी या अख्ख्या देशात 2,788 माणसं रस्त्यावर गेली, आणि एकट्या आपल्या महाराष्ट्रात 15,224. आपली वस्ती यांच्या दीडपट आणि मेलेली माणसं पाचपटीच्या वर. एवढी माणसं काही नुसत्या खड्ड्यांनी मारली नाहीत. "त्याची गाडी मोठी" हे त्या हायवावाल्याला जेवढं पटलंय तेवढंच तुम्हालाही पटलंय, हे माझं दुखणं आहे. त्याला मी बोलू शकत नाही, तुम्हाला बोलते.

तुमच्या सुनेच्या माहेरचा एकजण पुढच्या आठवड्यात तिकडं येतोय, त्याच्याजवळ सामान देते आहे. एक मागचा लाल दिवा, एक पुढचा, आणि रेडियमच्या पट्ट्या. पट्ट्या जास्त दिल्यात, त्या ट्रॉलीला आणि बैलगाडीलाही लावा. बैलांच्या शिंगांना लावू नका, दादाला नीट सांगा, तो लावील. पुतणीच्या मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीलाही दोन लावा, ती शाळेतून येते तेव्हा हिवाळ्यात अंधार पडतो. माय, तुझ्यासाठी गुडघ्याचं मलम आहे. ते आबांच्या सायकलीच्या चेनला लावू देऊ नकोस, मागच्या वेळी ते तसंच संपलं.

नातीनं तुमच्या सायकलीची तपासणी लांबूनच करायचं ठरवलंय. तिचा कागद सोबत आहे. उत्तरं तिच्यासमोर फोनवर द्यायची, आणि दादानं सायकल दाखवायची. प्रश्न तिचे आहेत, मी फक्त मराठीत उतरवले. ब्रेक दोन्ही लागतात का? (एकच लागतो, दुसरा चपलेचा, हे मी तिला सांगितलेलं नाही.) घंटी आहे का? "आबांचा आवाजच घंटी आहे" असं तिचे बाबा म्हणाले, तर तिनं कागदावर "नापास" लिहून टाकलं. कॅरिअरवर एका वेळी किती माणसं, असा एक प्रश्न होता. तो मी खोडला, उगाच पोरीची झोप उडायची. पत्र पोचलं की येणाऱ्या रविवारी आपल्याकडच्या संध्याकाळी सहाला फोन लावते. तेव्हा सायकल अंगणात उभी असू द्या, आणि आबा, त्या वेळेला "शेतात गेलोय" म्हणायचं नाही. पोरगी घरच्या गल्लीचा फोटो मागते आणि मागं सायकल दिसते का ते बघते.

सर्वांना नमस्कार. बारक्यांना आशीर्वाद.

तुमची,
थोरली

ता. क. : पाऊस झाल्याचं कळवा. बियाणं कोणतं घेतलं तेही.