उंचीचा प्रश्न

बॉन्साय नजरेच्या रेषेत ठेवावं, असं या विषयावरची पुस्तकं सांगतात. वरून पाहिलं तर ते नर्सरीतलं रोप वाटतं, खालून पाहिलं तर कुंडीचं बूड दिसतं. खोड बरोबर डोळ्यांसमोर आलं, की मात्र तेच वीतभर झाड पारावरचं वाटायला लागतं. नजर कोणाची धरायची, हे मात्र मला कुठे सापडलं नाही. मी माझी धरली. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. बुटांसह तीन.

परसदारी बाक करायला आलेल्या वेल्डरसमोर मी भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "डोळ्यांपाशी खूण करा." त्याने खडूने रेघ मारली. दोन पावलं मागे सरून आधी रेघेकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "घरात मोठं माणूस कुणी असेल तर त्यांचंही माप घेऊन ठेवू का?"

बाकाचं शास्त्र तसं सोपं. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवायची, म्हणजे पाणी निथळतं आणि कुंडीखाली हवा खेळते. पाय लोखंडी अँगलचे. सागवानाला वाळवी लागत नाही म्हणतात, पण त्याचा भाव ऐकूनच मालक पोखरला जातो. सकाळचं ऊन मोकळं मिळावं, एप्रिल-मेमध्ये वर हिरवी शेडनेट असावी, मागे पांढरी भिंत असावी म्हणजे फांद्या उठून दिसतात. हे सगळं मी ग्राफपेपरवर आखलं होतं. त्यात वेताची एक खुर्चीही आखली होती. पाहुणा बोळातून आत आला, की त्याला आधी वड दिसावा आणि मग वडाशेजारी कात्री हातात घेऊन विचारात बुडालेला मी. सौ.ने नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "अहो, चादरी कुठे वाळत घालायच्या?"

वड हा माझ्या बागेचा कर्ता पुरुष. नांदरुक, चिंच, कामिनी, जेड ही मंडळी आहेत, पण वडाची सर कोणाला नाही. त्याचं खोड मनगटाएवढं. उन्हाळ्यात त्याची सगळी पानं खुडायची, म्हणजे नवी येतात ती लहान येतात. देठ तुटला की पांढरा चीक टपकतो. तो कात्रीला लागतो, चष्म्याला लागतो आणि हात पुसलेल्या टॉवेलवर जन्मभर राहतो. टॉवेल नेहमी पाहुण्यांसाठी राखलेलाच असतो.

तर ज्येष्ठी पौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या बायकांना पूजेला वड मिळेना. कोपऱ्यावरचा खरा वड रस्ता रुंद करताना गेला, आणि बाजारात फांद्या विकत घेणं म्हणजे आणखी कुठलातरी वड ओरबाडणं. एक काकू म्हणाल्या, "तुमच्याकडे आहे ना? छोटा का असेना, वडच तो." झालं. सकाळी आठपासून परसात पैठण्या. फणस, आंबे, करंड्या, उदबत्त्या. पुढची अडचण प्रदक्षिणेची. बाक भिंतीला टेकवलेला, त्यामुळे वडाभोवती फिरायला वाटच नव्हती. ग्राफपेपर न बघता पाच जणींनी बाक उचलून अंगणाच्या मध्यावर आणला. मग सूत. पारावरच्या वडाला पुरणारी गुंडी याच्या खोडाभोवती गुंडाळल्यावर खोडच दिसेना. मी फांद्यांना आकार यावा म्हणून ॲल्युमिनियमची तार घातली होती. एकीला वाटलं, ते मागच्या वर्षीचं सूत. कुणी हळदीकुंकू वाहिलं, कुणी नळाखालून भरलेली अख्खी कळशी ओतली. वीतभर कुंडीत ओतलेलं ते पाणी पट्ट्यांच्या फटींतून निथळून माझ्या चपलांत साठलं. बाकाची रचना किती शास्त्रशुद्ध आहे, हे मी त्याही परिस्थितीत समजावून सांगत होतो.

तेवढ्यात नव्यानेच लग्न झालेल्या एका मुलीला शंका आली. "काकू, बॉन्सायला फेऱ्या मारल्या तर सात जन्म नवराही एवढाच मिळेल का हो?"

सौ.ने फेरी न थांबवता माझ्याकडे पाहिलं. "मिळतो," ती म्हणाली.

जपानमध्ये ओमिया हे बॉन्सायवाल्यांचं गाव आहे. 1923च्या भूकंपानंतर टोकियोतले बागवान तिकडे गेले आणि 1925मध्ये हे गाव वसलं. तिथे राहायचं तर किमान दहा बॉन्साय हवीत, फाटक लोकांसाठी उघडं हवं, कुंपण झाडांचं हवं आणि घर दुमजली नको, असे नियम होते. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा शेजारच्या प्लॉटवर खोदाईचं यंत्र धडधडत होतं. तिथला बंगला पाडून अकरा मजले उठले. आता माझ्या बाकांवर ऊन येतं ते साडेदहाला, तेही दोन टेरेसच्या मधून चोरून. आणि एवढ्या मापाने, खडूची रेघ मारून उभ्या केलेल्या बागेकडे आता अकरा मजल्यांवरून लोक वरून बघतात. या गोष्टीचा मला खरंच राग येतो. उन्हाबद्दल दाद कुठे मागायची? ते कुणाच्याही सातबाऱ्यावर नाही.

या सगळ्यात आई गप्प होती. तिला बॉन्साय पहिल्यापासून नावडतं. "वाढत्या जिवाला तारेत कशाला बांधतोस रे?" पाठीत वाकल्यापासून तिला माझ्या बाकांवरची झाडं दिसतच नव्हती. दिसत होत्या त्या फटी, बुडं आणि टपकणारं पाणी. एकदा तिने विचारलं, "किती जगतं हे?" मी उत्साहाने वॉशिंग्टनमधल्या त्या पाइनची गोष्ट सांगितली. 1625पासून जोपासलेला, हिरोशिमाच्या बॉम्बमधून बागेच्या भिंतीआड वाचलेला आणि 1976मध्ये अमेरिकेला भेट दिलेला. आई म्हणाली, "म्हणजे दर वेळी पाणी घालणारं कुणीतरी होतं."

आमचा मुलगा सिॲटलला असतो. त्याला फोनवर वडाचे फोटो दाखवले, की तो "मस्त, बाबा" म्हणतो आणि पुढे इथलं पावसापाण्याचं विचारतो.

मी वेल्डरला पुन्हा बोलावून दोन फुटी बाक करून घेतला. जेडसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. त्यावर वड ठेवला. आई सकाळी काठी टेकत येते, वडासमोर थांबते आणि बरोबर खोडाच्या मध्याकडे बघते. पहिल्या दिवशी म्हणाली, "आता जरा झाडासारखं दिसतंय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तीन पानं पिवळी आहेत, लक्ष कुठे असतं तुझं?" आता पिवळी पानं तीच काढते. चिकाचा हात पदराला पुसते आणि त्याबद्दल तिला कुणीही बोलत नाही.

परवा सहा फूट एक इंचाचा भाचा आला. वड त्याला उभ्याने दिसेना. वाकला, पाठ भरली, शेवटी शहाबादी फरशीवर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मामा, भारी आहे हं!" मी जवळच उभा होतो. त्याच्या टाळूवर केस विरळ व्हायला लागलेत, हे मला पहिल्यांदाच दिसलं.